महाविद्यालयीन क्लबचे सल्लागार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थ्यांच्या क्लबची जबाबदारी नव्याने आलेल्या प्राध्यापकांसाठी, ग्रंथपालांसाठी, प्रयोगशाळेतल्या आणि कार्यालयातल्या सहकाऱ्यांसाठी ही उत्तरे लिहिली आहेत. तुमच्या संस्थेचा लेखी नियम आणि इथला सल्ला यांत फरक दिसला, तर संस्थेचा नियम धरा.

सल्लागाराने नेमके करायचे काय?

क्लब विद्यार्थ्यांनी चालवायचा असतो. सल्लागाराकडे चार कामे येतात. संस्थेचे नियम क्लबला समजावून सांगणे, पैशावर लक्ष ठेवणे, कोणाच्या जिवाला धोका होणार नाही हे पाहणे आणि दरवर्षी बदलणाऱ्या कार्यकारिणीत जुनी माहिती हरवू न देणे. भित्तिपत्रकाचा रंग, वक्त्याची निवड, कार्यक्रमाचे नाव हे सगळे त्यांचे.

कुठे बोलायचे आणि कुठे गप्प राहायचे, हा रोजचा पेच. त्यावर एकच कसोटी लावा: हे फसले तर पुढच्या महिन्यात दुरुस्त करता येईल का? सभागृहात बारा माणसे आली, व्याख्यान रटाळ झाले, स्पर्धेचे वेळापत्रक कोलमडले, तर विद्यार्थी त्यातून शिकतात. आपले मत एकदा सांगा आणि होऊ द्या. पण जीव, दुसऱ्याचा पैसा, कायदा किंवा एखाद्याची अब्रू पणाला लागत असेल, तर तिथल्या तिथे थांबवा आणि कारण सांगा. पुढच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हीच कसोटी आहे.

होकार देण्याआधी काय विचारून घ्यावे?

क्लबची घटना (म्हणजे लेखी नियमावली), गेल्या वर्षाचा जमाखर्च आणि सामानाची यादी मागून घ्या. थकलेली बिले आहेत का, हे थेट विचारा. मागच्या कार्यकारिणीने मांडववाल्याचे किंवा छपाईचे पैसे बुडवलेले असतात आणि नव्या सल्लागाराला ते पहिल्या तगाद्यालाच कळते. तसेच तुमची नेमणूक लेखी घ्या. त्यात मुदत, कामाची व्याप्ती आणि क्लबचे काम करताना संस्थेचे विमा किंवा कायदेशीर संरक्षण तुम्हाला लागू आहे की नाही, हे यायला हवे. तोंडी जबाबदारी घेतली आणि काही विपरीत घडले, तर तुम्ही तिथे कोणत्या नात्याने होता, हा पहिला प्रश्न निघतो.

किती वेळ जातो?

शांत आठवड्यात तास-दीड तास. मोठा कार्यक्रम असेल त्या आठवड्यात आठ-दहा तास सहज जातात, आणि तेही संध्याकाळचे. दोनपेक्षा जास्त क्लब घेऊ नका. कागदावर नाव असलेला पण हाती न लागणारा सल्लागार क्लबला महागात पडतो, कारण सह्या अडतात आणि मुले परवानगीविना कामे उरकायला शिकतात.

क्लबच्या विषयातले मला काही कळत नाही. चालेल का?

नाट्य, वादविवाद, वाचन, छायाचित्रण अशा क्लबमध्ये बिनदिक्कत चालेल. उलट विषयातला जाणकार सल्लागार बहुतेकदा दिग्दर्शकाच्या खुर्चीत जाऊन बसतो. मात्र गिर्यारोहण, ड्रोन, रोबोटिक्स, रसायनशास्त्र, पोहणे अशा क्लबांत जाणकार माणूस असायलाच हवा. तो तुम्ही नसाल, तर दुसरा तांत्रिक सल्लागार लेखी नेमून घ्या.

एक उदाहरण पुरे. रोबोटिक्सच्या मुलांकडे लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या असतात. त्यातल्या नेहमीच्या प्रकारात प्रत्येक सेलचा पूर्ण चार्ज 4.2 व्होल्टचा असतो. त्यापुढे गेल्यास आग लागू शकते, 3 व्होल्टखाली गेल्यास सेल आतून खराब होतो आणि ठेवणीत सुमारे 3.8 व्होल्ट ठेवतात. स्पर्धेच्या आदल्या रात्री चार्जिंगला लावून मुले झोपायला जातात, आणि धोका नेमका तिथे आहे. नियम साधे करा: सगळे सेल सारखे चार्ज करणारा बॅलन्स चार्जरच वापरायचा, चार्जिंग चालू असताना कोणीतरी खोलीत जागे हवे, बॅटरी न जळणाऱ्या पृष्ठभागावर ठेवायची, फुगलेली बॅटरी टोचायची नाही, वापरायची नाही, कचऱ्याच्या डब्यातही टाकायची नाही. हे नियम माहीत नसलेला सल्लागार खोलीची किल्ली निर्धास्तपणे देऊन टाकतो.

पहिल्या महिन्यात काय करावे?

अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांच्याबरोबर एक तास बसा. मागे वळून पाहता येईल असे एक पानी टिपण करा: मला कोणत्या गोष्टी आधी सांगायच्या, कोणत्या नंतर सांगितल्या तरी चालतील, सहीसाठी किती दिवस आधी यायचे, रात्री किती वाजेपर्यंत फोन करायचा, आणि कोणत्या प्रसंगी वेळ न बघता करायचा. या शेवटच्या यादीत अपघात, दुखापत, पोलीस, छळाची तक्रार आणि हरवलेला विद्यार्थी हे हवेतच. सहीसाठी तीन कामाचे दिवस मागणे रास्त आहे. एकदा ‘आत्ताच लागते’ म्हणून दारात सही केली की वर्षभर तसेच चालते.

प्रत्येक बैठकीला जायचे का?

नको. महिन्यातून एका बैठकीला आणि पैसे, निवडणूक किंवा प्रवास ठरणार असेल त्या बैठकीला जा. टेबलाच्या टोकाला बसू नका. तिथे बसलात की सगळे तुमच्याकडे बघून बोलू लागतात. कोणी ‘सर, तुम्हीच सांगा’ किंवा ‘मॅडम, काय करूया?’ म्हटले, तर तो प्रश्न अध्यक्षाकडे परत पाठवा.

बैठकीचे इतिवृत्त मात्र दर वेळी मागा. तारीख, हजर सदस्य, गणसंख्या (ठरावासाठी लागणारी किमान हजेरी) पूर्ण होती का, झालेले ठराव, कोणी काय काम कधीपर्यंत करायचे, एवढे एका पानात बसते. चर्चेत कोण काय म्हणाले हे लिहू नये. तीन दिवसांत ते सदस्यांना गेले नाही, तर पुढे ‘असे ठरलेच नव्हते’ हा वाद ठरलेला.

निवडणुकीत सल्लागाराची भूमिका कोणती?

प्रक्रिया सांभाळायची, उमेदवार नाही. मतदारयादी अर्ज मागवण्याआधी गोठवा. नंतर सदस्य वाढवत नेण्याची युक्ती बहुतेक क्लबांत कोणाला ना कोणाला सुचते. अर्जांसाठी किमान एक आठवडा द्या, मतदान गुप्त ठेवा, उमेदवार नसलेल्या दोघांकडून मोजणी करून घ्या आणि बरोबरी झाल्यास काय करायचे हे आधीच लिहून ठेवा. ऑनलाइन अर्जावर मतदान घेताना एका माणसाचे एकच मत मोजले जाईल, याची चाचणी घ्या. तुमचा आवडता विद्यार्थी कोण, हे कोणाला कळता कामा नये. कामाचा आहे, म्हणून एखाद्याला उभे राहायला सांगणेही टाळा.

पैशांचे व्यवहार कसे सांभाळावे?

क्लबची बहुतेक प्रकरणे इथेच बिघडतात. चोरी क्वचित असते. बहुतेक वेळा बेशिस्त असते, पण कागद नसेल तर बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि एका प्रामाणिक मुलाचे नाव खराब होते.

पहिला नियम, क्लबचा पैसा कोणाच्याही वैयक्तिक खात्यात येऊ नये. विद्यार्थ्याच्या नाही आणि तुमच्याही नाही. ‘सध्या माझ्या नंबरवर पाठवा, मग भरतो’ हे वाक्य ऐकले की थांबवा. संस्थेच्या लेखा विभागातून स्वतंत्र लेखाशीर्ष (संस्थेच्या हिशेबातले क्लबचे वेगळे सदर) किंवा संस्थेच्या नावाचे पैसे भरण्याचे माध्यम मागून घ्या.

दुसरा, जो पैसे खर्च करतो त्याने हिशेब तपासू नये. खर्चाला मंजुरी अध्यक्षाची, पैसे देणे खजिनदाराचे आणि महिन्याची पडताळणी तिसऱ्या सदस्याची. तिघे वेगळे हवेत.

रोख रक्कम दोघांनी मिळून मोजावी, कागदावर आकडा लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि पुढच्या कामाच्या दिवशी भरणा करावा. वर्गणी घेताना अनुक्रमांक छापलेले पावतीपुस्तक वापरा. रद्द पावती फाडून टाकायची नाही, तिच्यावर आडवी रेघ मारून पुस्तकातच ठेवायची.

तिकिटांचा ताळा असा घ्या: छापलेली तिकिटे, त्यातून उरलेली आणि सन्मानाची वजा करा, जी राहिली ती विकलेली. विकलेल्यांना दराने गुणा आणि जमेशी जुळवा. 300 छापली, 40 उरली, 25 सन्मानाची दिली, तर 235 तिकिटांचे पैसे यायला हवेत. 228 तिकिटांचेच आले, तर सात तिकिटांचा शोध त्याच रात्री लागतो, महिन्याने नाही. सन्मानाच्या तिकिटांची नावनिशी यादी नसेल, तर सगळी तूट तिथे दडवता येते, म्हणून ती यादी आधी मागा.

आगाऊ उचल घेतली, की हिशेबाची तारीख त्याच कागदावर लिहा. कार्यक्रमानंतर सात दिवस पुरेसे आहेत. जुन्या उचलीचा हिशेब येईपर्यंत नवी उचल द्यायची नाही, याला अपवाद करू नका. अंदाजपत्रकात एकूण खर्चाच्या दहा टक्के रक्कम अनपेक्षित खर्चासाठी धरा आणि अजून हाती न आलेली प्रायोजकाची रक्कम जमेत धरू नका. प्रायोजक शेवटच्या आठवड्यात माघार घेतात.

स्वतःच्या खिशातून मदत करण्याचा मोह होईल. तो आवरा. एकदा तुम्ही भरले, की अंदाजपत्रकाला अर्थ उरत नाही आणि तुम्ही घेणेकरी की देणगीदार, हे कोणालाच सांगता येत नाही.

मोठ्या कार्यक्रमाची तयारी किती आधी आणि कशी?

उलटी गणती करा. आठ आठवडे आधी तारीख परीक्षा, सुट्ट्या आणि इतर क्लबांच्या कार्यक्रमांशी ताडून जागा नोंदवायची. सहा आठवडे आधी अंदाजपत्रक आणि लेखी परवानग्या. चार आठवडे आधी पाहुण्यांचा लेखी होकार, ध्वनी आणि विजेची व्यवस्था. दोन आठवडे आधी स्वयंसेवकांची यादी आणि कामाची वाटणी. आदल्या दिवशी सगळी जागा पायी फिरून पाहायची. सगळ्यांत जास्त गडबड परवानग्यांत होते, कारण एका विभागाचा होकार दुसऱ्याच्या पत्रावर अडतो. कोणाची सही आधी लागते, याचा क्रम लिहून घ्या.

जागा पाहताना हे तपासा. बाहेर पडायचे दरवाजे उघडतात का? कार्यक्रमाच्या रात्री फुकटे आत येऊ नयेत म्हणून मुले मागचे दार कुलूपबंद करतात, आणि ही सगळ्यांत धोकादायक चूक आहे. दारापाशी माणूस उभा करा, कुलूप लावू नका. खुर्च्यांमधल्या वाटा मोकळ्या आहेत का, वायरी पायात येणार नाहीत अशा टेपने चिकटवल्या आहेत का, आग विझवण्याचे नळकांडे कुठे आहे आणि ते कोणाला चालवता येते, हेही पाहा. उभ्याने पाहायचा कार्यक्रम असेल, तर एका चौरस मीटरमध्ये चारपेक्षा जास्त माणसे होऊ लागली की प्रवेश थांबवायचा. माणसाला स्वतःच्या मर्जीने हलता येईनासे होते तिथून चेंगराचेंगरीचा धोका सुरू होतो. 200 चौरस मीटर मोकळ्या जागेत 800 ही टोकाची मर्यादा झाली. मंचासमोर लोक अधिक दाटतात, म्हणून प्रत्यक्षात 500 च्या आसपास थांबणे शहाणपणाचे.

कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे आदल्या दिवशी नावासकट ठरवा. गर्दी, पाऊस किंवा विजेचा बिघाड झाल्यावर पाच जण एकमेकांकडे बघत राहतात, तो वेळ परवडत नाही.

बाहेरगावी जाताना?

प्रत्येकाचे नाव, घरच्यांचा फोन, ॲलर्जी आणि चालू औषधे यांची यादी दोन प्रतींत करा. एक तुमच्याजवळ आणि एक संस्थेत मागे राहणाऱ्या माणसाकडे. पहिल्या वर्षाला काही विद्यार्थी सज्ञान नसतात, त्यांच्या पालकांची लेखी संमती वेगळी घ्या. प्रत्येक थांब्यावरून निघताना डोकी मोजा, आणि मोजणारा माणूस एकच ठेवा. रात्रभर गाडी चालवून सकाळी स्पर्धेला पोचण्याचा बेत आला, तर एक मुक्काम वाढवायला सांगा. थकलेल्या विद्यार्थ्याने स्वतःची गाडी चालवणे तर मुळीच नको.

करारावर सही मी करावी का?

संस्थेने तसा अधिकार लेखी दिला नसेल, तर नाही. विद्यार्थ्यांनीही नाही. सभागृहवाला, वाद्यवृंद, बसवाला यांचे छापील करार अधिकार असलेल्या माणसाकडे पाठवा. रद्द केल्यास किती पैसे बुडतात आणि नुकसानभरपाई कोणी द्यायची, ही दोन कलमे आधी वाचा. प्रायोजकाच्या बाबतीत आणखी एक सापळा असतो. त्याला बॅनरपेक्षा विद्यार्थ्यांचे फोन नंबर हवे असतात. ती यादी देऊ नका. ज्याला माहिती हवी असेल, तो विद्यार्थी स्वतः नाव नोंदवील.

क्लबने सिनेमा दाखवला तर परवाना लागतो का?

बहुतेक वेळा लागतो. घरी पाहण्यासाठी घेतलेले ओटीटीचे सदस्यत्व किंवा विकत घेतलेली डिस्क यांमुळे जाहीर प्रदर्शनाचा हक्क मिळत नाही. प्रवेश फुकट ठेवला म्हणून आपोआप सूटही मिळत नाही. हक्क ज्याच्याकडे आहे त्याची लेखी परवानगी घ्या आणि ती फाइलला लावा. भित्तिपत्रकावरची चित्रे, व्हिडिओमागचे गाणे आणि नाटकाची संहिता यांनाही हेच लागू.

ईमेल, समाजमाध्यमे आणि ग्रुप यांचे काय?

क्लबची खाती पदाच्या नावाने, संस्थेच्या ईमेलवरून उघडावीत. एखादा विद्यार्थी स्वतःच्या नंबरवर खाते उघडतो, पदवी घेऊन जातो, आणि दुहेरी पडताळणीचा कोड त्याच्या बदललेल्या नंबरवर जात राहतो. अशी खाती परत मिळवणे फार जिकिरीचे असते. प्रत्येक खात्याला किमान दोन प्रशासक ठेवा आणि पासवर्ड बदलण्याची तारीख हस्तांतराच्या यादीत घाला.

विद्यार्थ्यांच्या गप्पांच्या ग्रुपमध्ये तुम्ही असू नये. सूचनांचा वेगळा ग्रुप असेल, त्यात राहा. एकट्या विद्यार्थ्याशी रात्री उशिरा खाजगी गप्पा नकोत. क्लबचे काम असेल, तर अध्यक्ष-सचिवांनाही त्या संदेशात घ्या.

एकच विद्यार्थी सगळे काम ओढतो आहे.

तो कौतुकाचा विषय वाटतो, पण क्लबच्या दृष्टीने ती धोक्याची घंटा आहे. तो आजारी पडला किंवा परीक्षेत अडकला, की सगळे ठप्प. त्याला ‘काम वाटून घे’ असे नुसते सांगून काही होत नाही, कारण इतरांना काम कसे करायचे हे माहीतच नसते. त्याच्याकडून कामांची यादी लिहून घ्या, प्रत्येक कामाला एक जोडीदार द्या आणि पुढचा छोटा कार्यक्रम त्याच्याशिवाय होऊ द्या. त्याचे गुण घसरत आहेत का, झोप होते आहे का, हेही विचारा.

कार्यकारिणीत दोन तट पडले तर?

आधी प्रत्येक बाजू वेगळी ऐका, मग एकत्र बसवा. व्यक्तींवरून चर्चा घटनेवर आणि इतिवृत्तावर आणा: काय ठरले होते, कोणाला अधिकार होता, पुढे काय करायचे. निकाल तुम्ही देऊ नका, मतदान होऊ द्या. मात्र भांडणात अपमान, धमकी किंवा कोणाचे खाजगी छायाचित्र पसरवणे आले, की तो क्लबचा अंतर्गत वाद राहत नाही. ते संस्थेच्या शिस्तीच्या यंत्रणेकडे द्या.

विद्यार्थ्याने छळाची किंवा अत्याचाराची गोष्ट सांगितली तर?

शांतपणे ऐका. ‘कोणालाच सांगणार नाही’ असे वचन देऊ नका, कारण पुढे कळवणे तुमच्यावर बंधनकारक असू शकते आणि दिलेला शब्द मोडला तर विद्यार्थी पुन्हा कोणावर विश्वास ठेवत नाही. कोणाला आणि का कळवावे लागेल, हे त्यालाच आधी सांगा. खोदून विचारू नका, समोरच्या बाजूला बोलावून शहानिशा करू नका, दोघांना समोरासमोर बसवू नका. चौकशी हे तक्रार समितीचे काम आहे. संदेश आणि फोटो पुसू नयेत एवढे सांगा आणि विद्यार्थ्याने वापरलेल्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून, त्याच दिवशी टिपण लिहा.

कोणी जगण्याला कंटाळल्याची भाषा केली, तर ‘आत्महत्येचा विचार मनात येतो का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. बोलायला वाट मिळते. उत्तर हो आले, तर त्याला एकटे सोडू नका. समुपदेशक किंवा तातडीची वैद्यकीय मदत येईपर्यंत सोबत थांबा.

नव्या सदस्यांचे ‘स्वागत’ कुठे थांबवायचे?

नव्याला नको म्हणता येत नसेल, त्याला लपवून ठेवायला सांगितले असेल, जागरण, दारू, अपमान किंवा अंगमेहनतीची शिक्षा असेल, तर ती रॅगिंगच आहे. ‘त्यांची संमती होती’ हा बचाव मानू नका. गटात सामील होण्यासाठी धडपडणाऱ्याच्या संमतीला फारसे वजन नसते. कार्यक्रमपत्रिका आधी लेखी मागा. जी गोष्ट पत्रिकेत लिहायला मुले कचरतात, ती होऊ देऊ नका.

वादग्रस्त वक्ता बोलवायचा आहे.

तुमचे मत बाजूला ठेवा. सर्व क्लबांना जे नियम, तेच या क्लबला. प्रश्नोत्तरांना वेळ, प्रवेशाचे नियम, सुरक्षा व्यवस्था हे आधी ठरवा आणि संस्थेच्या प्रमुखांना वेळेत कळवा. विषय आवडला नाही म्हणून परवानगीचा कागद दाबून ठेवणे हा अन्याय आहे.

वर्षअखेरीस हस्तांतर कसे करावे?

निवडणूक वर्ष संपण्याच्या किमान सहा आठवडे आधी घ्या, म्हणजे जुने आणि नवे पदाधिकारी काही काळ एकत्र काम करतात. हा काळ मिळाला नाही, तर नव्या मंडळींना सगळे पहिल्यापासून शोधावे लागते. हस्तांतराच्या फाइलमध्ये घटना, इतिवृत्ते, जमाखर्च, न दिलेली बिले, सामानाची यादी, किल्ल्या, खात्यांची नावे, पुरवठादारांचे फोन आणि प्रत्येक कार्यक्रमामागे एक पान हवे. त्या पानावर किती आले, किती खर्च झाला, काय अडले. सामान यादीशी समोरासमोर ताडून दोन्ही खजिनदारांच्या सह्या घ्या. कॅमेरा, माइक आणि वायरी याच वेळी ‘कोणाच्या तरी घरी’ असल्याचे कळते.

क्लब मरगळला आहे. ओढूनताणून चालवायचा का?

आधी कारण शोधा. बैठकीची वेळ प्रयोगशाळेच्या तासांवर येते का, दुसऱ्या क्लबने तोच विषय उचलला आहे का, की जुन्या सदस्यांचा कंपू नव्यांना आत येऊ देत नाही? पहिली दोन कारणे सोपी आहेत. तिसऱ्यावर खुली बैठक आणि नवी निवडणूक हाच इलाज. एक पूर्ण सत्र पाच-सात जणही जमत नसतील, तर सदस्यांच्या ठरावाने क्लब स्थगित करा. खाते गोठवा, शिल्लक आणि सामान यादीसह संस्थेकडे जमा करा आणि घटना व फाइल अशा ठिकाणी ठेवा, की दोन वर्षांनी कोणी पहिल्या वर्षाचा विद्यार्थी तोच विषय घेऊन आला, तर त्याला ती एका दिवसात मिळावी.

मलाच सोडायचे असेल तर?

सत्राच्या मध्यात आणि मोठ्या कार्यक्रमाच्या तोंडावर शक्यतो सोडू नका. एक महिना आधी लेखी कळवा, सुरू असलेल्या परवानग्या आणि बाकी उचलींची यादी जोडा, आणि पुढच्या सल्लागाराची नेमणूक झाल्याचे पत्र हाती आल्यावरच बँकेतली आपली सही काढून घ्या. ती काढल्याची पोच जपून ठेवा.